मातीविना एक तीजा

पोळा सरला की भिलाईत बायकांच्या हातात पिशव्या दिसू लागतात. ऑटोत, बसमध्ये, दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर, सगळीकडे माहेरी निघालेल्या बायका, आणि शेजारी त्यांना न्यायला आलेले भाऊ. छत्तीसगडात तीजेला, म्हणजे हरितालिकेला, भाऊ बहिणीला घ्यायला येतोच. बहिणीचे केस पिकले तरी येतो, स्वतःचे गुडघे दुखत असले तरी येतो. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आईच्या घरी हरितालिका होती, पण भावानं घ्यायला यायची रीत नव्हती. बाबांच्या नोकरीपायी रेल्वेलाइनीच्या काठाकाठानं इकडे सरकत आलो आणि भाषेला हिंदी लागली तशी ही रीतही आम्हाला लागली.

माझ्यासाठी हे दिवस सुखाचे असायला हवेत. आहेतही. पण दमट हवेचा तो वास आला, ओल्या गोणपाटासारखा, की छातीत काहीतरी खाली बसतं. काही चोरलेलं नसताना चोरल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं झाली, तब्येत बरी आहे, नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये पुन्हा उभी राहून जीवशास्त्र शिकवते आहे. तरी भादवा लागला की मी आधी अपराधी होते आणि मग बहीण.

माझी मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्याचे दिवस डायलिसिसच्या खुर्चीवर संपायचे. शेवटी माझ्या मोठ्या भावानं, शेखरदादानं, आपलं एक मूत्रपिंड मला दिलं. दादा लोको पायलट होता, मालगाडीचा. कोळसा, लोहखनिज, पोलादाच्या गुंडाळ्या ओढणारा. ऑपरेशननंतर त्याला इंजिनावर परत घेतलं नाही. भिलाईजवळच्या चरोद्याला जिथं ड्रायव्हर लोक सही करून गाडीवर जातात त्या लॉबीत बसवलं. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आता त्याच्यासमोर सही करायची आणि बॅग उचलून यार्डाकडे चालू लागायची. तो त्यांना ‘संभाळून जाय रे’ म्हणायचा आणि पुढचं रजिस्टर ओढायचा. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मंदावहिनीनं, त्याच्या बायकोनं सांगितलं, तेही एकदाच, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

आणि माझ्याकडे झाडं होती. किडे खाणारी. एक घटपर्णी टांगलेली, तिच्या पानांच्या टोकांना झाकणवाले घडे लोंबायचे. एक फ्लायट्रॅप, भिलाईच्या उन्हाळ्याला वैतागलेलं. आणि एका पसरट ताटात ड्रॉसेरा, बोटाच्या पेराएवढी, लालसर, पानांवरच्या प्रत्येक केसावर चिकट थेंब घेऊन बसलेली. वर्गात पोरांना दाखवायला म्हणून मी ती आणली आणि डायलिसिसच्या काळात त्यांच्यातच गुंतले. या झाडांना खत चालत नाही, नळाचं खारं पाणी चालत नाही; मुळांशी क्षार साठले की ती मरतात. मला केळं बंद, नारळपाणी बंद, मीठ चिमटीत. विलास, माझे यजमान, म्हणायचे, “या घरात दोघाइचंही पथ्य सारखंच हाय.” आम्ही हसायचो. त्या दिवसांत हसायला एवढं पुरायचं.

ती झाडं पीटमध्ये आणि सुकवलेल्या स्फॅग्नम शेवाळात लावलेली होती. पीट, ती कुजक्या शेवाळाची काळी माती, परदेशातल्या दलदलीतून खोदून येतं, शेवाळ मेघालयाकडच्या डोंगरातून ओरबाडून. किती सावकाश वाढतं ते, हे मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवायचे, आणि घरी येऊन त्याचीच पुडी फोडायचे. तेव्हा वाईट वाटायचं, पण थोडं. खरं वाईट वाटणं म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रायपूरच्या दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं मला समोर बसवून बजावलं होतं. माती नाही, कुंड्या नाहीत, कबुतरं नाहीत, कुजलेला पाला नाही. शेवाळाचं नाव मीच काढलं तर तिनं डोळेच मोठे केले. नवं मूत्रपिंड शरीरानं परकं मानू नये म्हणून माझी प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली. ओल्या शेवाळातली साधी बुरशीसुद्धा मला आडवी करू शकत होती. मी घरी येऊन विलासना म्हटलं, झाडं कोणाला तरी देऊन टाका. त्यांनी मान हलवली. पण ही गोष्ट दादाच्या कानावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी तो दारात. त्याची स्वतःची जखम अजून ओली होती. एका कुशीला हात लावून चालायचा.

“झाडं कावून देऊन राहिली?” बाहेरूनच म्हणाला. खोलीत यायला त्याला मास्क लागायचा आणि त्याला मास्क आवडायचा नाही.

“मातीपाशी जाता येत नाही दादा मला.”

“मंग माती काढून टाकू. झाडं कावून काढा लागते?”

हे त्याचं नेहमीचं. गाडी थांबली की तो आधी काय बिघडलं ते शोधणार, मग शिव्या देणार. त्या दिवसापासून आमच्या मागच्या व्हरांड्यात त्याचा कारखाना सुरू झाला. मी खोलीत, खिडकीची काच बंद. तो बाहेर उकिडवा. मी आतून ओरडून सांगायचे, तो बाहेरून ओरडून विचारायचा. मातीऐवजी असं काहीतरी हवं होतं ज्यात बुरशीला खायला काही नाही, झाडाला मारणारे क्षार नाहीत, आणि तरी मुळांना ओल नि हवा दोन्ही मिळेल.

भिलाईत राहून पहिला विचार स्लॅगचाच येणार. भट्टीतल्या मळीची ती भुरी, वाळूसारखी रेती, इथं तिला काय तोटा. दादानं डबा भरून आणली. मी म्हटलं, आधी लिंबू पिळ. त्यानं पिळलं, नाक जवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं. “सडेल अंड्याचा वास येऊन राहिला व.” त्यात गंधक, वर चुन्याचा अंश भरपूर, माझी झाडं त्यात आठवडाभरही टिकली नसती. मग तो राइस मिलमधून जळालेल्या भुशाची काळी राख घेऊन आला. हलकी, हवेशीर, दिसायला सुंदर. ती भिजवून वरच्या पाण्यात मी हळद टाकायला लावली. पाणी कुंकवासारखं लाल झालं. म्हणजे राखेत क्षार. तेही गेलं. नारळाच्या भुशाला मीच नाही म्हटलं. कितीही धुतला तरी ओला राहिला की त्यात बुरशी येणारच. दादा प्रत्येक वेळी निमूट डबा रिकामा करायचा आणि म्हणायचा, “ठीक हाय. नेक्स्ट.”

नेक्स्ट विलासनी आणलं. ते हथखोजच्या एका लहानशा फाउंड्रीत स्टोअर सांभाळतात. तिथं साच्यांसाठी सिलिका वाळू लागते. न वापरलेली, कोरी वाळू त्यांनी पुरवठादाराकडून एक पोतं मागवली, आणि सोबत परलाइट, म्हणजे तापवून लाह्यांसारखा फुलवलेला पांढरा खडा, चिमटीत धरला तर धरल्यासारखाही वाटत नाही. दादानं पोत्यात हात घातला. मूठभर वाळू काढली, अंगठ्यानं चोळली, पुन्हा चोळली.

“काय झालं?” मी काचेतून विचारलं.

“काई नाई. हे आमचीच वाळू हाय.”

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं, हातातली वाळू बोटांच्या फटींतून सोडत. इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. पावसात रूळ ओले झाले, वर लोड भारी असला, चाकं जागच्या जागी फिरायला लागली, की ड्रायव्हर सँडर मारतो. चाकाखाली वाळू पडते आणि चाक पकड घेतं. “दरेकसाच्या चढावर रातभर पाणी राह्यचं. मागं कोळसा. चाक फिसलते, फिसलते, असं वाटते आता काई खरं नाई. मंग वाळू सोडली की पायाखालून कळते, पकडलं म्हणून. बसल्या जागी कळते सुषे.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “पण वाळू सुकी पाहिजे. ओली असली की नळीतच बसते.”

मी काचेवरून हात काढून घेतला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “धुवून घे मग चांगली.” इतकंच. इतकंच सुचलं.

वाळू त्यानं चरोद्याला नेली. क्वार्टरच्या मागच्या अंगणात चूल मांडून, लोखंडी कढईत, भडभुंजा फुटाणे भाजतो तशी भाजली, बुरशीचं बीज राहू नये म्हणून. मला मंदावहिनीचा फोन आला. “सुषमाताई, माही पोह्याची कढई गेली तुमच्या झाडाइत.” आवाजात राग होता की हसू ते मला ठरवता आलं नाही. पण मागून खर्रखर्र असा उलथन्याचा आवाज येत होता, आणि दादा काहीतरी गुणगुणत होता. त्याला गुणगुणताना मी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्यानं एकेक झाड पीटमधून सोडवलं. पावसाच्या साठवलेल्या पाण्यात मुळं बुडवून, त्या जाड बोटांनी, काळा गाळ सुटेपर्यंत. ड्रॉसेराची मुळं केसासारखी. “हे काय मूळ हाय का बाप्पा,” म्हणायचा आणि श्वास रोखायचा. भाजलेली वाळू आणि परलाइट मिसळून नव्या ताटात लावली, ताटाखाली एसीतून ठिबकलेलं पाणी. माझ्या खिडकीबाहेर फळी ठोकून सगळं मांडलं. फ्लायट्रॅप मेलं. घटपर्णीनं रुसून सगळे घडे वाळवले. पण ड्रॉसेरा जगली. एका सकाळी काचेपलीकडे त्या लाल केसांवर पुन्हा थेंब दिसले. मी दादाला फोन केला, आणि तो लॉबीतल्या सगळ्यांना ओरडून सांगत असलेला मला ऐकू आला, “ओ भाऊ, माह्या बहिणीचं झाड लागलं!” फोन ठेवल्यावर मी रडले. आनंदानं नाही. त्या लॉबीत हा माणूस आता एवढ्याशा झाडासाठी आनंदतो, ही पाळी त्याच्यावर कोणी आणली?

त्यानंतर काही दिवसांनी, पोळ्याच्या आठवडाभर आधी, दुपारी मला हुडहुडी भरली.

ताप चढत गेला. विलासनी गाडी बोलावली, रायपूर गाठलं. डॉक्टरांनी भरती करून घेतलं, रक्त घेतलं, लघवी घेतली, छातीचा फोटो काढला. मूत्रपिंडाला धोका आहे का, हे ते सांगेनात. कोणीतरी विचारलं, घरात काही झाडंबिडं? विलास खरं बोलले. खिडकीबाहेर आहेत, माती नाही, वाळू आहे. डॉक्टरांनी झाडांचं विचारलं, हे त्यांनी फोनवर दादालाही सांगितलं.

दादा दवाखान्यात आला नाही. दुसऱ्या दिवशी मंदावहिनी आली. एकालाच आत सोडायचे, तर तीच आली, मास्क लावून, पदर खोचून. खुर्ची ओढून बसली. मला वाटलं, आता ही बोलणार. माझ्या नवऱ्याचं घेतलं ते घेतलं, वरून सांभाळलंही नाही. मी डोळे मिटून घेतले. ऐकायला तयार होते. खरं तर कित्येक महिने मी त्याचीच वाट बघत होते. कोणीतरी एकदा बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

“ते घरी बसले हायत,” वहिनी म्हणाली. “जेवले नाईत. म्हणतात, माह्या हातानं दिलं आन माह्याच हातानं घालवलं.”

“वहिनी, त्याची काय चूक...”

“तुमची तरी काय हाय?”

मी डोळे उघडले.

“एक सांगू? राग नका करू. तुमी त्याइले पाहिलं की तुमचा चेहरा उतरते. दर वेळी. ते तुमच्या घरून येतात आन म्हणतात, मंदा, माही बहीण मले पाहून बिमार होते.” तिचा आवाज मास्कमध्ये ओला झाला होता. “इंजिन गेलं त्याचं दुख हाय त्याइले. मलेबी हाय. खोटं कायले बोलू? पण बहीण कावून जावा लागते सोबत?”

सलाइनची नळी असलेला हात तिनं उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि तशीच बसून राहिली. खिडकीबाहेर पाऊस थांबून थांबून येत होता. मला वाटलं होतं, माझं अपराधी वाटणं म्हणजे दादाविषयीची माया आहे. त्याच्यापर्यंत ती माया पोचतच नव्हती. पोचत होता तो फक्त उतरलेला चेहरा.

संध्याकाळी डॉक्टर आले. साधा लघवीचा संसर्ग होता, ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतो, झाडांचा काही संबंध नाही, मूत्रपिंड ठीक आहे. विलासनी तिथूनच फोन लावला. पलीकडून दादाचं रडणं मला खाटेवर ऐकू आलं. मी हात पुढे करून फोन मागितला आणि विचारलं, “तीजेला येशील ना न्यायला?” तो नाक ओढत म्हणाला, “येतो ना. ऑटो करून येतो. हवा लागणार नाई असा पडदेवाला.”

घरी आले तर खिडकीबाहेरची फळी रिकामी. त्यानं सगळी झाडं उचलून नेली होती. मी परत मागितली नाहीत. आजही ती चरोद्यालाच आहेत, वाळूतच, आणि दादा त्यांना एसीचं पाणी देतो. डॉक्टरांनी माझी बंधनं नंतर सैल केली. तरी शेवाळाची पुडी मी पुन्हा फोडली नाही.

तीजेच्या आदल्या दिवशी तो खरोखरच प्लास्टिकचे पडदे लावलेला ऑटो घेऊन आला. आम्ही महामार्गानं निघालो. बाजूनं रेल्वेलाइन. एक मालगाडी आमच्या बरोबरीनं चालली होती, सावकाश, ओल्या रुळांवर. एरवी मी अशा वेळी दुसरीकडे बघायचे आणि काहीतरी बोलत सुटायचे, भाजीचं, पावसाचं. त्या दिवशी नाही बोलले. गाडीकडे बघत राहिले, आणि मग विचारलं,

“दादा, इंजिन आठवते का रे?”

तो माझ्याकडे वळला. थोडा वेळ माझा चेहरा बघत होता, उतरतोय का ते. मी उतरू दिला नाही. फार जड गेलं.

“रोज,” तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो ‘नाई व, आता आराम हाय’ म्हणेल. तो तसं म्हणाला असता तर मी ते घट्ट धरून बसले असते. पण तो म्हणाला, रोज. आणि मग चरोदा येईपर्यंत सांगत राहिला. पहाटे सिग्नल हिरवा होतानाचं, बोगद्यातल्या गारव्याचं, शेजारून दुसरी गाडी गेली की दोन्ही ड्रायव्हर हात दाखवतात त्याचं. मधेच रडला, मधेच हसला. मी नुसती ऐकत होते. अपराधाची टोचणी जशीच्या तशी होती. पण ती मधे असूनही आम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतो.

त्या रात्री, उपासाच्या आदल्या रात्री इथं जेवतात तसं, कारल्याची भाजी आणि भात जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वहिनीचा निर्जळी उपास; त्या वर्षी ती माहेरी गेली नव्हती. नवऱ्याच्या आयुष्यासाठी, पाण्याचा थेंबही नाही. आणि मला तर पाणी सतत प्यायलाच हवं, डॉक्टरांची सक्त ताकीद. माझी तहान मला लाजिरवाणी झाली. मी स्वयंपाकघरात कोणी नाही असं बघून प्यायला गेले, तर वहिनी मागे उभी.

“चोरून कावून पिऊन राहिल्या?”

“तुमचा उपास आहे. तुमच्यासमोर कसं...”

तिनं माझ्या हातातला पेला घेतला, विसळला आणि माठातलं नव्हे, उकळून गार केलेलं, माझ्यासाठी वेगळं ठेवलेलं पाणी ओतलं. तिचे ओठ कोरडे पडले होते.

“हे व्रत तुमच्या दादासाठी हाय ना,” ती म्हणाली. “आधी एकाच जिवाचं मागत होती. आता त्याइचं एक अंग तुमच्यात हाय. मंग तुमचंबी मागा लागते. प्या.”

दिवसभर ती येत राहिली. मी विसरले की तीच आठवण करून द्यायची, पेला भरून पुढं धरायची, मी संपवेपर्यंत उभी राहायची. दुपारी तिला चक्कर आल्यासारखं झालं, भिंतीला टेकली, तरी पेला सांडू दिला नाही. मी तो दोन्ही हातांनी घेतला. लाज वाटत होती, आणि तिच्या डोळ्यांकडे बघत मी ते सगळं पाणी प्यायले.